फा दॅत सोंग यांग : खंदक कोणाचा, सीमा कोणाची?

ईशान्य थायलंडमधल्या कालासिन प्रांतात, कमलासई तालुक्यात, बान सेमा नावाचं गाव आहे. गावाभोवतीच्या भातखाचरांतून एक रुंद, उथळ, वळणदार चर जातो. कुठे त्यात पाणी असतं, कुठे गवत, तर कुठे लोकांनी थेट भातच लावलेला असतो. चर धरून चालत राहिलं तर सुमारे 5 किलोमीटरनंतर माणूस निघाला तिथेच परत येतो. या वेढ्याच्या आत विटांचे चौथरे, एक स्तूप आणि माणसाच्या उंचीचे कोरीव दगड आहेत. हेच फा दॅत सोंग यांग. इसवी सनाच्या सातव्या ते अकराव्या शतकांत ही द्वारवती या थायलंडमधल्या प्राचीन बौद्ध संस्कृतीतली एक मोठी वस्ती होती.

याची ओळख सहसा 'खंदकानं वेढलेलं प्राचीन बौद्ध नगर' अशी करून देतात. ती चुकीची नाही, पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, खंदक म्हणजे बौद्ध नगराची हद्द आणि आतलं सगळं पवित्र क्षेत्र. प्रत्यक्षात इथे दोन निरनिराळ्या हद्दी आहेत. एक पाण्याची: ती वस्तीची, आणि तसले खंदक खणण्याची या भागातली रीत बौद्ध धर्म येण्याच्या आधीची. दुसरी दगडांची: ती भिक्खुसंघाची, विनयाच्या म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेच्या नियमांनी आखलेली आणि आकारानं फारच लहान. या दोन हद्दी डोक्यात वेगळ्या ठेवल्या की इथला प्रत्येक अवशेष आपापल्या जागी बसतो.

खंदकाचा हिशेब

वेढा साधारण लंबवर्तुळाकार आहे, लांबी 2 किलोमीटर आणि रुंदी 1 किलोमीटर. लंबवर्तुळाचं सूत्र लावलं तर क्षेत्रफळ 157 हेक्टर आणि परीघ 4.8 किलोमीटर येतो. प्रत्यक्ष आकार वेडावाकडा असल्यामुळे क्षेत्रफळ 170 हेक्टरच्या आसपास धरतात. खंदकाची रुंदी साधारण 18 मीटर, आणि त्याच्या दोन्ही काठांना मातीचे बांध. ही मांडणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण किल्ल्याच्या खंदकाला आतल्या बाजूनंच तट असतो. इथे मधे पाणी आणि दोन्हीकडे माती आहे. सगळी माती बाहेरून आत वाहून नेण्याऐवजी जवळच्या काठावर टाकली, की निम्म्या मातीची वाहतूक वाचते. शिवाय बाहेरचा बांध पुराचं गाळमिश्रित पाणी थोपवतो आणि आत साठलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही.

किती काम असेल हे? मूळ खोली मधोमध 2 मीटर धरू आणि काठ उतरते धरू. मग दर मीटर लांबीला सुमारे 24 घनमीटर माती निघते, आणि 5 किलोमीटरला 1,20,000 घनमीटर. ती दोन बांधांत वाटली तर प्रत्येक बांधाला दर मीटरला 12 घनमीटर मिळते, म्हणजे पायाला 8 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच असा बांध उभा राहतो. एक माणूस दिवसाला 2 घनमीटर माती खणून टाकतो असं धरलं तर 60,000 मनुष्यदिवस लागतात. 500 माणसं लावली तर 120 दिवस. भाताची कापणी झाल्यापासून पुढचा पाऊस पडेपर्यंतच्या एका कोरड्या हंगामात हे उरकतं. आकडे गृहीतकांवर उभे आहेत, पण त्यांतून एक गोष्ट कळते: एवढा खंदक खणायला सम्राट लागत नाही. आसपासची दहा-पंधरा गावं एकत्र आली आणि त्यांना जेवू घालण्याइतका तांदूळ कोठारात असला की पुरे.

मग खणायचाच कशासाठी? संरक्षण हे पहिलं उत्तर सुचतं, आणि थोडंफार ते खरंही असेल. पण 5 किलोमीटरच्या मातीच्या बांधावर पहारा ठेवायचा म्हटला तर दर 10 मीटरला एक, असे एका वेळी 500 पहारेकरी उभे करावे लागतील. खोरातच्या पठारावरचं, म्हणजे या ईशान्य थायलंडचं, खरं दुखणं पाणी आहे. मे ते ऑक्टोबर धो धो पाऊस, नोव्हेंबर ते एप्रिल जवळपास काही नाही. माती वाळूमिश्रित, पाणी धरून न ठेवणारी. त्यात पठाराच्या पोटात खडकमिठाचे जाड थर. उन्हाळ्यात शेतांवर पांढरी पापडी धरते आणि ती खरवडून मीठ काढण्याची परंपरा या भागात फार जुनी आहे. अशा ठिकाणी विहीर खोल नेली तर पाणी खारं लागण्याचा धोका असतो. त्यामुळे पावसाचं गोडं पाणी वरच्या वर, रुंद आणि उथळ साठवणं शहाणपणाचं. खंदक 18 मीटर रुंद असण्यामागचं एक कारण हे आहे.

उथळपणालाही मर्यादा आहे. कोरड्या हंगामात उघड्या पाण्यातून रोज 4 ते 5 मिलिमीटर बाष्पीभवन होतं. 180 दिवसांत 70 ते 90 सेंटिमीटर पाणी नुसतं उडून जातं, झिरपणारं आणि वापरलं जाणारं वेगळंच. म्हणजे ज्या खंदकात पावसाळ्याअखेर मीटरभरही पाणी नाही, तो मार्चमध्ये कोरडा पडणार. आज फा दॅतच्या खंदकाचे बरेच तुकडे गाळानं भरून याच पातळीला आले आहेत. म्हणूनच तिथे आता पाण्याऐवजी भात दिसतो.

हा वेढा जमिनीवरून नीट कळत नाही. अशा मातीकामांचा पहिला मोठा आढावा हवेतून घेतला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पीटर विल्यम्स-हंट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पूर्व सयामची (सयाम हे थायलंडचं जुनं नाव) हवाई छायाचित्रं तपासली आणि 1950 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत असे वेडेवाकडे खंदक असलेल्या जागा मोठ्या संख्येनं दिसल्या. मुन नदीच्या खोऱ्यात अशा काही जागांवर पुढे उत्खनन झालं आणि तिथले खंदक लोहयुगातले निघाले, म्हणजे त्या भागात स्तूप उभे राहण्याच्या काही शतकं आधीचे. फा दॅतच्या आतही लोहयुगीन थर आणि दफनं सापडली आहेत. बौद्ध भिक्खू इथे आले तेव्हा जागा ओसाड नव्हती. नांदत्या गावात ते आले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर भंडारा जिल्ह्यातलं पवनी आठवावं. तिथे तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. स्तूप जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर इथे. 1969-70 मध्ये त्यांचं उत्खनन झालं. काळ फा दॅतपेक्षा कितीतरी जुना आणि दोन्ही जागांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण नगराचा तट आणि स्तूपाची जागा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, हे तिथेही लागू पडतं.

खंदकाचं वय काढताना काय बिघडतं

खंदक म्हणजे पोकळी, आणि पोकळीचं वय थेट मोजता येत नाही. मोजता येतो तो तिच्यात साचलेला गाळ किंवा तिच्यातून निघालेली माती. दोन्हींत फसगत होते.

गाळाचा सगळ्यात खालचा थर म्हणजे खंदक खणल्याचा काळ, असं मानायचा मोह होतो. पण वापरातला खंदक दर काही वर्षांनी उपसतात. उपसा केला की जुना गाळ जातो. त्यामुळे तळाच्या गाळाचं वय म्हणजे शेवटचा उपसा कधी झाला त्याचं वय. खंदक त्याआधी हजार वर्षं असू शकतो.

बांधातल्या खापरांचं उलट होतं. बांधाची माती जुन्या वस्तीतून खणलेली असेल तर तिच्यात लोहयुगाची खापरं येतात आणि बांध उगाच जुना वाटतो. बांधातलं सगळ्यात उशिराचं खापर एवढंच सांगतं की बांध त्याच्या नंतरचा आहे. कोळशाच्या कार्बन तारखेतही खोच आहे. जळालेलं लाकूड शंभर-दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातलं असेल तर तारीख तितकी मागे जाते, म्हणून भाताचं तूस किंवा दाणा मिळाला तर तो जास्त विश्वासाचा. सगळ्यांत उपयोगी जागा म्हणजे बांधाच्या बुडाखाली दबलेली मूळ जमीन. वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे प्रयोगशाळेत मोजता येतं. बांध टाकला त्या दिवशी खालची जमीन अंधारात गेली, तोच मोजणीचा शून्य क्षण. अट एकच: नमुना प्रकाश न लागू देता, अपारदर्शक नळी ठोकून काढायचा. क्षणभर ऊन लागलं तरी तो वाया.

खंदकाला आडवा छेद दिल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. आतला बांध, खंदक आणि बाहेरचा बांध अशा तिन्हींमधून एकच सलग चर घ्यावा लागतो, आणि तोही एका ठिकाणी घेऊन भागत नाही, कारण असे वेढे बहुतेक वेळा टप्प्याटप्प्यानं वाढवलेले असतात.

द्वारवती, थोडक्यात

द्वारवती म्हणजे कोण, हे नाणी आणि चिनी प्रवासवर्णनं यांवरून कळतं. मध्य थायलंडमधल्या नाखोन पाथोम इथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर संस्कृतात 'श्रीद्वारवतीश्वरपुण्य' असा लेख आहे. युआन श्वांगनं या नावाच्या राज्याचा उल्लेख केला आहे. लोक बहुतांशी मोन भाषक, लिपी दक्षिण भारतीय वळणाची, धर्मभाषा पाली आणि संस्कृत. पण द्वारवतीचं एकसंध साम्राज्य होतं आणि फा दॅत त्यातला एक जिल्हा, असं चित्र रंगवू नये. खंदकवाल्या नगरांचं ते सैल जाळं होतं. फा दॅत हे नावही त्या काळातलं नाही. ते फाया फा दॅत नावाच्या राजाच्या स्थानिक दंतकथेतून आलं आहे.

दगडांची हद्द

आता दुसरी सीमा. थायलंडमध्ये या दगडांना 'सेमा' म्हणतात, मूळ शब्द अर्थातच पाली-संस्कृत 'सीमा'. ती कशासाठी लागते हे समजायला विनयपिटकात जावं लागतं.

भिक्खुसंघाची काही कर्मं, म्हणजे औपचारिक विधी, एकट्यानं करता येत नाहीत. पातिमोक्ख, म्हणजे भिक्खूंच्या नियमांची यादी, म्हणायला किमान 4 भिक्खू लागतात. मध्यदेशात, म्हणजे बौद्ध धर्माच्या मूळ प्रदेशात, उपसंपदा (पूर्ण भिक्खुदीक्षा) द्यायला 10 लागतात. त्याबाहेरच्या, सरहद्दीच्या प्रांतांत 5 चालतात, आणि त्यांतला एक विनयाचा जाणकार असावा लागतो. ही 5 ची सवलत दख्खनच्या अंगणातून आली आहे. अवंति-दक्खिणापथात भिक्खू इतके विरळ होते की सोण कुटिकण्ण या शिष्याच्या उपसंपदेसाठी 10 जण जमवायला त्याचे गुरू महाकच्चान यांना तीन वर्षं लागली. ती अडचण बुद्धांपर्यंत गेली आणि नियम शिथिल झाला. खोरातच्या पठारावर पहिल्या पिढीचे भिक्खू घडले ते अशाच सवलतीच्या आधारानं, असं मानायला हरकत नाही.

पण या संख्येपेक्षा अवघड अट दुसरी आहे. कर्म चालू असताना त्या सीमेच्या आत असलेला प्रत्येक भिक्खू हजर हवा, नाहीतर त्यानं आपली संमती कळवलेली हवी. सीमेच्या आत कोणी एक जरी बाहेरगावचा भिक्खू नकळत आला आणि सभेत बसला नाही, तर केलेलं कर्म रद्द. उपसंपदा रद्द म्हणजे तो माणूस भिक्खू झालाच नाही. पुढे त्याच्यासारख्यांना मोजून ज्या उपसंपदा झाल्या त्याही शंकास्पद. एका चुकीतून साखळी बिघडते.

आता 170 हेक्टरचा खंदक डोळ्यांसमोर आणा. खंदक हीच संघाची सीमा असती, तर दर उपोसथाला, म्हणजे पातिमोक्ख म्हणण्याच्या दिवशी, बाजार, वस्ती, पाणवठा, पाचही किलोमीटरचा बांध पालथा घालून आत कोणी चुकार भिक्खू नाही ना, हे पाहावं लागलं असतं. नियम इतक्या मोठ्या सीमेला मनाई करत नाही, वरची मर्यादा तीन योजनांची (योजन हे अंतराचं जुनं माप) आहे. पण व्यवहारात ते झेपत नाही. म्हणून उपसंपदेसारख्या नाजूक कर्मासाठी लहान सीमा आखतात, एका इमारतीभोवती किंवा एका चौथऱ्याभोवती. अगदी लहानात लहान सीमेत 21 भिक्खू बसू शकले पाहिजेत, कारण सगळ्यात मोठ्या कर्माला 20 जणांचा संघ आणि ज्याच्यासाठी ते कर्म तो एक. म्हणजे दहा-वीस मीटरचा चौक पुरतो. एकाच खंदकाच्या आत अशा अनेक सीमा असू शकतात. अट एवढीच की त्या एकमेकींवर चढता कामा नयेत.

सीमा बांधण्याची रीत अशी. आधी त्या जागेवर जुनी सीमा असेल तर ती विधिपूर्वक उठवायची. ती माहीत नसली तरी असेल असं धरून उठवतात. मग खुणा ठरवायच्या, त्यांना 'निमित्त' म्हणतात. आठ प्रकार चालतात: डोंगर, दगड, वन, झाड, वाट, वारूळ, नदी आणि साठलेलं पाणी. मग एक विनयधर पूर्वेपासून फेरी सुरू करतो आणि विचारतो: "पुरत्थिमाय दिसाय किं निमित्तं?" उत्तर येतं: "पासाणो, भन्ते." त्यावर तो घोषित करतो: "एसो पासाणो निमित्तं." असं एकेक दिशा करत परत पूर्वेच्या पहिल्या खुणेशी यायचं आणि ती पुन्हा उच्चारायची, नाहीतर रेषा बंद होत नाही. शेवटी संघापुढे एक ठराव आणि एक घोषणा, आणि सर्व गप्प राहिले म्हणजे संमती.

दगडाच्या मापालाही नियम आहे. अट्ठकथेनुसार, म्हणजे जुन्या पाली भाष्यानुसार, तो 32 पल (वजनाचं जुनं माप) वजनाच्या गुळाच्या ढेपेपेक्षा लहान नको, आणि हत्तीएवढा झाला की तो दगड नव्हे, डोंगर धरायचा. मोजणीच्या हद्दीच्या दगडांप्रमाणे इथेही खरी सीमा म्हणजे एका दगडापासून दुसऱ्यापर्यंतची, डोळ्यांना न दिसणारी रेषा. दगड स्वतः सीमेच्या बाहेर असतो.

नियमाला साधा लहान धोंडा चालत असताना खोरातच्या लोकांनी दीड-दोन मीटर उंच, टोकाकडे पानासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या वालुकाश्माच्या शिळा उभ्या केल्या. 2 मीटर उंच, 80 सेंटिमीटर रुंद आणि 25 सेंटिमीटर जाड शिळेचं वजन टनाच्या घरात जातं. एका सीमेला आठ दिशांना आठ, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट. ही विनयाची गरज नव्हती, दात्यांची हौस होती. मध्य थायलंडच्या द्वारवती नगरांत अशी परंपरा दिसत नाही. ती या पठाराची, 'ची' आणि 'मुन' या नद्यांच्या काठची आणि पुढे मेकाँगपर्यंत पसरलेली. 2024 मध्ये उदोन थानी प्रांतातलं फू फ्रा बात याच सीमाशिळांच्या परंपरेसाठी जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथे निसर्गतः झिजून छत्रीसारख्या झालेल्या खडकांभोवती या शिळा अजून मूळ जागी उभ्या आहेत. फा दॅतचं भाग्य तेवढं नाही, त्याबद्दल पुढे.

शिळा जवळून

फा दॅतच्या शिळांची ख्याती कोरीवकामासाठी आहे. बऱ्याच शिळांवर मधोमध फक्त एक उभा स्तूप कोरलेला असतो: खाली घटासारखा भाग, वर लांब निमुळता कळस. काहींवर मात्र आख्खे प्रसंग आहेत, बुद्धचरित्रातले आणि जातकांतले. वेस्संतर, विधुर, भूरिदत्त, महोसध अशा मोठ्या जातकांची निवड दिसते.

सगळ्यांत नावाजलेली शिळा आता खोन केनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुद्ध कपिलवस्तूला परत आले आहेत, आसनावर बसले आहेत, आणि यशोधरा खाली वाकून आपले मोकळे केस त्यांच्या पायांशी पसरते आहे. पाली अट्ठकथेत यशोधरा त्यांचे घोटे धरून पायांवर डोकं ठेवते, केस पसरण्याचा उल्लेख तिथे नाही. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातही हीच भेट आहे, पण तिथे बुद्ध भिक्षापात्र घेऊन उंचच उंच उभे आणि यशोधरा राहुलला पुढे करते आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराला भिंतभर जागा होती. इथल्या शिल्पकाराला जेमतेम रुंदीची, वर निमुळती होत जाणारी शिळा. त्यामुळे माणसं एकावर एक रचली गेली आणि कथेतला एकच क्षण उचलला गेला.

शिळा पाहताना बुडाकडे लक्ष द्यावं. अनेक शिळांना खाली कमळाच्या पाकळ्यांचा पट्टा असतो आणि त्याखालचा भाग ओबडधोबड सोडलेला असतो. ओबडधोबड भाग जमिनीत गाडण्यासाठी, पट्टा जमिनीच्या वर दिसण्यासाठी. नंतर कधी उचलून पुन्हा रोवलेल्या शिळांत हा पट्टा अर्धा-मुर्धा मातीत किंवा सिमेंटमध्ये गडप झालेला असतो. शिळा मूळ जागची नाही हे ओळखायची ही एक सोपी खूण.

फा दॅतच्या बहुतेक शिळा हलवलेल्याच आहेत. काही संग्रहालयांत गेल्या, बऱ्याच बान सेमातल्या वाट फो चाय सेमाराम या विहारात ओळीनं लावल्या आहेत. चोरीपासून त्या वाचल्या हे खरं, पण शास्त्राच्या दृष्टीनं मोठं नुकसान झालं. एकटी शिळा म्हणजे शिल्प. आठ शिळा जागच्या जागी म्हणजे सीमा. त्या कोणत्या चौथऱ्याभोवती होत्या, कुठली शिळा पूर्वेला होती, कोरीव बाजू आत होती की बाहेर, कथांचा क्रम दिशांनुसार होता का, यातलं काही आता त्या ओळीवरून सांगता येत नाही. एरिक सायडेनफाडेन यांनी 1954 मध्ये आणि सुभद्रदिस दिस्कुल यांनी 1956 मध्ये या जागेवर लिहिलं. त्यानंतर 1960 च्या दशकाअखेरीस थायलंडच्या ललित कला विभागानं, म्हणजे तिकडच्या पुरातत्त्व खात्यानं, चौथरे उघडे केले. एव्हाना शिळांची हलवाहलव सुरू होऊन गेली होती.

विटा आणि फ्रा थात याखू

आत 14 वास्तूंचे अवशेष नोंदलेले आहेत. बहुतेक ठिकाणी उरलाय तो फक्त पाया. विटा मोठ्या आणि जाड, मातीत भाताचं तूस मिसळलेलं. तूस घातलं की वीट सुकताना कमी तडकते, भट्टीत तूस जळून बारीक पोकळ्या राहतात आणि आच आतपर्यंत पोचायला मदत होते. तरी इतक्या जाड विटेचा गाभा पुष्कळदा काळाच राहतो. तुटलेल्या विटेत लाल कडा आणि काळं पोट दिसलं तर ती वीट कच्ची म्हणून टाकून देण्याजोगी नव्हे, त्या पद्धतीची ती नेहमीची खूण आहे. वरून चुन्याचा गिलावा आणि त्यात घडवलेली नक्षी असे, ती आता तुकड्यांत उरली आहे. भाजक्या मातीच्या, साच्यात दाबून केलेल्या छोट्या बुद्धमुद्राही इथे सापडल्या आहेत.

सर्वांत मोठा स्तूप फ्रा थात याखू, सुमारे 16 मीटर रुंद आणि 15 मीटर उंच. याखू ही ईसान भागात, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये, ज्येष्ठ भिक्खूंना दिली जाणारी पदवी. लोक सांगतात की चियांग सोमच्या राजानं नगर जिंकून सगळं उद्ध्वस्त केलं, पण या स्तूपाला हात लावला नाही. दर वर्षी मे महिन्यात इथे पावसासाठी बांबूचे अग्निबाण सोडण्याचा बुन बांग फाय उत्सव होतो.

या स्तूपाला सरसकट 'बाराशे वर्षांचा' म्हणणं चुकीचं. तो खालून वर वाचावा लागतो. तळाचा चौकोनी, चारही बाजूंना पायऱ्या असलेला पाया द्वारवती काळातला. त्यावरचा अष्टकोनी भाग पुढच्या अयुथ्या राज्याच्या काळातला, म्हणजे निदान तीन-चारशे वर्षांनी नंतरचा. शेंडा त्याहून अलीकडचा, रत्नकोसिन म्हणजे आजच्या राजघराण्याच्या काळातला. विटांच्या मापात आणि सांध्यांच्या जाडीत पडणारा फरक पाहिला की हे टप्पे बिनचूक कळतात.

आज काय खातंय

पठाराखालचं मीठ अवशेषांनाही सोडत नाही. जमिनीतलं खारं पाणी विटेत आणि वालुकाश्मात केशाकर्षणानं वर चढतं. पृष्ठभागापाशी पाणी उडतं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. नुकसान जमिनीलगत नसतं, गुडघ्या-मांडीच्या उंचीला असतं, कारण तिथेच ओल संपते आणि सुकणं सुरू होतं.

यावर सर्रास होणारा उपाय, म्हणजे सिमेंट, दुखणं वाढवतो. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, त्यामुळे पाणी दगडातूनच वाट काढतं. शिळा सिमेंटच्या चौथऱ्यात रोवली तर झिजेची पट्टी अगदी सिमेंटच्या वर, म्हणजे थेट कमळाच्या पट्ट्यावर किंवा कोरीवकामावर येते. योग्य रीत म्हणजे चुन्याचा गारा, शिळेखाली भरड खडीचा थर, पाण्याला उतार, आणि वर साधं छप्पर. मीठ साचलंच तर शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे लेप लावून ते ओढून घेतात. लेप सुकला की काढायचा आणि नवा लावायचा, लगद्यातलं मीठ कमी होईपर्यंत. घाईनं एकदाच लावला तर आतलं मीठ वर येऊन तिथेच थांबतं आणि पापुद्रे आणखी वेगानं सुटतात.

खंदकाचं दुखणं वेगळं. भातखाचर सपाट करायला बांधाची माती सोयीची पडते, आणि एकदा बांध सपाट झाला की खंदकाचा काठ कुठला, हे पुढच्या पिढीला कळत नाही. खंदक सुशोभित करताना यंत्रानं सरळ खोल उपसला जातो, त्याचंही नुकसान कमी नाही, कारण तळातला, तारखा सांगणारा गाळच ट्रॅक्टरमध्ये भरून जातो.

पाहायला गेलात तर

कालासिन शहरापासून जागा 20 किलोमीटरच्या आत आहे. खंदक पाहायचा तर पावसाळा सरताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावं. तेव्हा त्यात पाणी असतं आणि वेढ्याचं वळण उठून दिसतं. विटांचे चौथरे पाहायला जानेवारी-फेब्रुवारी बरा, गवत कमी असतं. जाण्याआधी उपग्रह नकाशावर बान सेमा शोधून वेढा एकदा नजरेखालून घालावा, कारण जमिनीवर तो एका नजरेत मावत नाही. शिळांचं कोरीवकाम उथळ आहे, भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात काहीच दिसत नाही. सकाळी आठच्या आसपास किंवा चारनंतर, तिरप्या उजेडात पाहावं. छपराखालच्या शिळांसाठी बॅटरी बाजूनं धरली तरी चालतं. आधी फ्रा थात याखू, मग विहारातल्या शिळा, आणि यशोधरेची शिळा पाहायची तर दुसऱ्या दिवशी खोन केन, ते सुमारे 75 किलोमीटरवर आहे.